'राखणदारीण' कुणी पुसली?

१

उल्काताईंची फिल्म कुणीतरी पुसून टाकली होती. आणि पुसून त्या जागी ठेवलं काय होतं, तर उल्काताईंचंच तोंड!

रविवारची दुपार होती. नारायण पेठेतल्या कलाप्रेमी मंडळाच्या सभागृहात उल्काताईंच्या संध्याकाळच्या सत्काराची तयारी चालली होती. शाल, श्रीफळ, मानपत्र, आणि मग 'राखणदारीण' ही दीड तासाची टेलिफिल्म. बारा वर्षांपूर्वी केलेली, निर्मात्याचा धंदा बुडाला म्हणून टीव्हीवर कधी न लागलेली, आणि साऱ्या जगात जिची एकच कॅसेट शिल्लक होती ती. दत्तप्रसाद नावाच्या सॉफ्टवेअर कंपनीतल्या मुलानं ती व्हीसीआरमध्ये सरकवली. पडद्यावर दिसायला हवं होतं गुदामाचं दार, कंदील आणि काठी घेऊन दाराशी बसलेली एक रापलेली बाई. दिसली ती कोपरापर्यंत बांगड्या आणि वाटीएवढी नथ घातलेली वसुंधरादेवी. 'कुलवंतांची सून' या मालिकेतली उल्काताईंची गाजलेली सासू. 'हे मूल या घरात जन्माला येणार नाही!' म्हणत तिनं सुनेच्या थोबाडीत मारली. ढोल वाजला. तीच थोबाडीत मग डावीकडून दाखवली, पुन्हा ढोल, मग उजवीकडून.

"बंद कर! बंद कर आधी ते!" उल्काताई खुर्चीतून उठून ओरडल्या.

दत्तप्रसादनं घाबरून बटण दाबलं.

आता इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे. उल्का देवस्थळींना सगळा महाराष्ट्र 'अष्टपैलू' म्हणतो. हा शब्द ज्यानं काढला त्याला एकदा समोर उभा करायला हवा. अष्टपैलू म्हणजे काय, तर मोलकरीण हवी, बोलवा उल्काताईंना. कोळीण हवी, न्यायाधीश हवी, हिरोची विधवा आई हवी, बोलवा उल्काताईंना. तीस वर्षं सिनेमात आणि टीव्हीवर बाईंनी दुसऱ्यांच्या गोष्टीत पाणी भरलं. यांची स्वतःची गोष्ट एकच. ती 'राखणदारीण'.

आणि आज ती दाखवायला कारण होतं. मुंबईचे दिग्दर्शक आनंद मोहोळकर पाहुणे म्हणून येणार होते. त्यांच्या नव्या सिनेमाची नायिका पंचावन्न वर्षांची होती. त्यांनी फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, "मालिकेतलं काही दाखवू नका. एकट्या बाईनं अख्खी फिल्म पेललीय असं काही असेल तर दाखवा. सोमवारी मला नाव पक्कं करायचंय." पंचावन्नाव्या वर्षी असा फोन कुणाला येतो? उल्काताईंना आला होता. आणि दाखवायची ती कॅसेट ही अशी!

"घरोघरी होतं हो, ताई," अवधूत कारखानीस त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला. 'राखणदारीण' यानंच दिग्दर्शित केली होती, पंचविशीत असताना. आता तो 'कुलवंतांची सून'चा निर्माता होता. त्याचे डोळे भरून आले होते. "माझ्या बहिणीच्या लग्नाच्या कॅसेटवर आमच्या बाबांनी क्रिकेटची मॅच घेतली होती. कुणीतरी घरात मालिका रेकॉर्ड करायला गेलं असेल. जाऊ द्या."

घरात म्हणजे कुणी? सगळ्यांच्या नजरा आपोआप पहिल्या रांगेकडे वळल्या. तिथं उल्काताईंचे यजमान, संस्कृतचे निवृत्त शिक्षक शरच्चंद्र देवस्थळी, ताठ बसले होते.

उल्काताईंनी व्हीसीआरमधून कॅसेट ओढून काढली. उजव्याच हातानं, कारण डाव्या हाताच्या बोटाला पट्टी होती. गेल्या सोमवारी सेटवर आरतीच्या कापरानं भाजलं होतं. त्यांनी कॅसेटची कड पाहिली आणि त्यांच्या कपाळाची शीर तडतडली.

कॅसेटच्या कडेला प्लास्टिकची एक चौकोनी टिकली असते. ती मोडून टाकली की त्यावर दुसरं काही रेकॉर्ड होत नाही. बारा वर्षांपूर्वी कॅसेट घरी आली त्याच दिवशी ती टिकली उल्काताईंनी सुरीनं मोडली होती. आता त्या भोकावर लाल पट्टीचा तुकडा चिकटवलेला होता.

"हे चुकून झालेलं नाही," उल्काताई म्हणाल्या. "हे कुणीतरी ठरवून केलंय."

२

मंडळाच्या कचेरीत उल्काताई टेबलामागच्या खुर्चीत जाऊन बसल्या. एका मालिकेत त्यांनी दोन वर्षं फौजदारीण केली होती. तेव्हा जशा बसायच्या तशाच बसल्या.

पहिल्या आल्या मंडळाच्या सचिव अस्मिता टिळेकर. साठीच्या, बोलणं म्हणजे सुरीनं काकडी कापावी तसं.

"गुरुवारी तुम्ही स्वतः कॅसेट आणून दिलीत. मी या कपाटात ठेवली. किल्ली त्या खिळ्याला असते."

"म्हणजे कुणीही उघडू शकतं."

"खिळ्यावर पाटी आहे, 'किल्लीला हात लावू नये.' वाचता येणारा माणूस लावत नाही."

"गुरुवारनंतर कचेरीत एकटं कोण होतं?"

"शुक्रवारी अवधूतराव आले होते, तुमच्या कामाची झलक दाखवायची त्यासाठी मालिकेतले तुकडे द्यायला. मी हार-गुच्छ सांगायला मंडईत गेले होते. शनिवारी हा दत्तप्रसाद दिवसभर होता. आणि मी तर रोजच असते. माझ्यावर संशय असेल तर सरळ विचारा, मला आडवळणाचा कंटाळा आहे."

"बरं, सरळ विचारते. फिल्म नको असं मीटिंगमध्ये तुम्हीच म्हणाला होतात ना?"

"दीड तास कोण बसणार, असं म्हणाले होते. अजूनही म्हणते. पण मला नको असती तर मी कार्यक्रमपत्रिकेतून काढली असती. कॅसेट पुसत बसायला मला वेळ नाही. आणि मी मालिका बघत नाही. आमच्याकडे कुणीच बघत नाही."

हे एक पुण्यातलं नवलच आहे. मालिका सगळ्या महाराष्ट्रात पहिली, साडेसातला रस्ते ओस, आणि नारायण पेठेत विचाराल त्या घरी ती कुणीच बघत नाही!

मग दत्तप्रसाद आला. मूळचा यवतमाळचा, हिंजवडीला नोकरीला, कर्वेनगरात देवस्थळींच्याच सोसायटीत तिघा मित्रांबरोबर राहायचा. उल्काताईंच्या कामाची झलक त्यानंच हौसेनं जोडली होती.

"काकू, मी त्या कॅसेटला हात नाही लावला, खरंच! सीडीवर घेणार होतो मी ती, पण रिलीज होतं ना ऑफिसात, वेळच नाही भेटला. आता वाटते, घेतली असती तर बरं झालं असतं बाप्पा."

"इथं कचेरीत दोन व्हीसीआर एकमेकांना जोडून कुणी ठेवलेत?"

"मीच. बुधवारीच. एकावरून दुसऱ्यावर कॉपी करायला. झलकीसाठी लागतातच ना."

"म्हणजे एकात मालिका टाकायची, दुसऱ्यात माझी फिल्म, आणि बटण दाबायचं. झालं काम."

"हो... म्हणजे टेक्निकली, हो. पण मी काहून करू, काकू?" त्या पोराचा चेहरा रडवेला झाला. "मी तर ती झलक तुमच्यासाठी आठ रविवार बसून केली."

अवधूत मोकळेपणानं बोलू लागला. शुक्रवारी आलो होतो, तुकडे दिले, चहाची वाट बघितली, अस्मिताबाई आल्यावर निघालो. "ताई, ती माझीसुद्धा फिल्म होती," तो म्हणाला. "माझ्या पहिल्या लेकरासारखी. मी तिला हात लावीन?" आणि त्यानं रुमाल काढून डोळे टिपले. मग हळूच म्हणाला, "एक सुचवू? झलक आहेच. त्यात मालिकेतले चार सीन मी आणखी देतो. मोहोळकरांना तेच दाखवू. निदान कार्यक्रम तरी निभावेल."

शेवटी उल्काताईंनी नवऱ्याला बोलावलं. अवधूत आणि अस्मिताबाई दारातच उभे होते.

"अहो, कॅसेट गुरुवारपर्यंत आपल्या घरात होती. मी आठवड्यातले चार दिवस शूटिंगला मुंबईत. घरात तुम्ही एकटे. आपल्या व्हीसीआरवर तुम्ही काही रेकॉर्ड केलंत?"

शरच्चंद्रांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मी मालिका बघत नाही. त्यामुळे रेकॉर्ड करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही."

"मग ही सासू कॅसेटवर आली कुठून? आभाळातून पडली?"

"पण हा तर..." ते एकदम बोलून गेले. मग दाराकडे पाहिलं, अस्मिताबाईंकडे पाहिलं, आणि कानापर्यंत लाल झाले. "काही नाही."

"काय काही नाही? हा तर काय?"

"काही नाही म्हटलं ना! मी चहा घेऊन येतो." आणि ते छत्री न घेताच उन्हात निघून गेले.

उल्काताई त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिल्या. बत्तीस वर्षांच्या संसारात हा माणूस त्यांच्याशी एकदाही खोटं बोलला नव्हता. आज बोलला होता, आणि ते चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं.

३

रंगपटात आरशासमोर बसल्या बसल्या उल्काताईंचा संताप डोक्यातून हातापायांत उतरला.

नवरा! दुसरं तिसरं कुणी नाही, नवरा! 'तुझं काम तुझ्या जागी, माझा अभ्यास माझ्या जागी' असं म्हणत बत्तीस वर्षं काढली यांनी. एका नाटकाला आले नाहीत तिसऱ्या घंटेच्या आधी. आणि आता म्हातारपणी बायको नायिका होणार, महिनोन् महिने बाहेर राहणार, हे पोटात दुखलं असेल काय? तोंडानं म्हणाले असते नको जाऊस, तर भांडले तरी असते. हे काय, चोरासारखं पुसून टाकायचं! तेही त्या नथवालीनं! तीस वर्षांतलं सगळ्यात चांगलं काम सगळ्यात भिकार कामानं पुसलेलं, म्हणजे अपमान करायचा तर किती करायचा!

समोरच्या डब्यात संध्याकाळी घालायच्या बांगड्या होत्या. त्या चढवायला त्यांनी डावा हात पुढे केला आणि भाजलेलं बोट काचेला लागलं. "आई गं!" त्यांनी हात झटकन पदराखाली घेतला.

आणि तशाच थांबल्या.

हात पदराखाली. हेच तर केलं होतं त्यांनी मंगळवारी सेटवर. थोबाडीत मारायचा सीन होता. पट्टी दिसेल म्हणून डावा हात पदराखाली घेऊन उभ्या राहिल्या होत्या. दिग्दर्शकाचा पोरगेला मदतनीस म्हणाला होता, वसुंधरादेवी रागावली की हात लपवते असं आता पुढे ठेवू या.

मघाशी पडद्यावरच्या वसुंधरादेवीचा डावा हात कुठे होता?

उल्काताई अर्ध्या बांगड्या घालून सभागृहात धावल्या. "दत्तप्रसाद! कॅसेट लाव! पहिल्यापासून!"

"पण काकू, मघाशी तुम्हीच..."

"लाव म्हणते ना! आणि मी सांगेपर्यंत बंद करायची नाही. काहीही झालं तरी बंद करायची नाही."

पडद्यावर पुन्हा नथ आली. उल्काताई अगदी जवळ जाऊन उभ्या राहिल्या. थोबाडीत, ढोल. डावीकडून, ढोल. डावा हात पदराखाली होता. आणि कोपऱ्यात, जिथे टीव्हीवर चोवीस तास चॅनेलचं चिन्ह चिकटलेलं असतं, तिथे काहीच नव्हतं.

"सगळ्यांना बोलवा," त्या मागे वळून न बघताच म्हणाल्या. "अवधूतला आधी."

४

सगळे जमले. पडद्यावर मालिका चालूच होती, आवाज तेवढा दत्तप्रसादनं बारीक केला होता. पदर, डोळे, दिवाणखाना, जिना, पुन्हा डोळे. पाच मिनिटं झाली, आठ झाली, एकही जाहिरात आली नाही.

"मला एक सांगा," उल्काताई म्हणाल्या, "हा भाग टीव्हीवर कधी लागला?"

मग त्यांनी एकेकाला विचारायला सुरुवात केली.

"अस्मिताबाई?"

"सांगितलं ना, आम्ही बघत नाही."

"दत्तप्रसाद?"

"आमच्या रूमवर टीव्हीच नाही, काकू."

"अवधूत, तू तर निर्माता आहेस."

"ताई, तीनशेच्या वर भाग झाले. मला कसं आठवणार? लागला असेल महिन्याभरात कधीतरी."

"लागला असेल," उल्काताई म्हणाल्या आणि नवऱ्याकडे वळल्या. शरच्चंद्र नुकतेच चहा घेऊन आले होते आणि खांबाआड उभे होते. "अहो, मघाशी तुम्ही 'हा तर' म्हणून थांबलात. आता पुढचं बोला. माझी शपथ आहे तुम्हाला."

शरच्चंद्रांनी सभागृहावर एक नजर टाकली. फुलवाला होता, माईकवाला होता, अस्मिताबाई होत्या.

"हा भाग लागलेला नाही," ते म्हणाले.

"कशावरून?"

"कशावरून म्हणजे? यात सासू म्हणते आहे, 'हे मूल या घरात जन्माला येणार नाही.' अगं, पण सुनेला दिवस गेल्याचं सासूला अजून कळलेलंच नाही! डॉक्टरची चिठ्ठी त्या नणंदेनं उशीखाली लपवली आहे. शुक्रवारी तिथंच भाग संपला. ती चिठ्ठी आधी सापडायला हवी, त्याआधी दीर मुंबईहून परत यायला हवा. म्हणजे हे निदान तीन आठवडे पुढचं आहे." बोलता बोलता त्यांचा आवाज चढला होता. मग सगळे आपल्याकडे बघताहेत हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी मान खाली घातली.

अस्मिताबाईंच्या तोंडून निघून गेलं, "अगबाई, खरंच की! चिठ्ठी अजून उशीखालीच आहे!" आणि त्यांनी पटकन तोंडावर हात ठेवला.

उल्काताई नवऱ्याजवळ गेल्या. "मग हे दुपारीच का नाही सांगितलंत? माझ्या तोंडून चोर ठरलात तरी गप्प राहिलात!"

"सगळ्यांदेखत? नारायण पेठेत?" शरच्चंद्र पुटपुटले. मग अगदी हळू म्हणाले, "तू चार दिवस मुंबईत असतेस. संध्याकाळी घर खायला उठतं. साडेसातला तू येतेस. कुणाच्या तरी थोबाडीत मारतेस, पण येतेस."

दुपारभर ज्याला मनात शिव्या घातल्या तो माणूस रोज साडेसातला आपली वाट बघतो, आणि हे सांगण्यापेक्षा चोर ठरणं त्याला परवडलं! उल्काताईंना त्याचा राग आला, हसू आलं, रडूही आलं. पण ते सगळं नंतर. आधी दुसराच हिशेब चुकता करायचा होता.

५

"ऐका," त्या म्हणाल्या. "माझं बोट भाजलं गेल्या सोमवारी. हा सीन केला मंगळवारी, म्हणून इथं माझा हात पदराखाली आहे. फिल्मची कॅसेट मी इथं दिली गुरुवारी. न लागलेला भाग टीव्हीवरून रेकॉर्ड करणं ब्रह्मदेवालाही जमणार नाही. म्हणून इथं चॅनेलचं चिन्ह नाही, जाहिराती नाहीत. आमच्या घरात हे झालेलंच नाही. हे ज्याच्याकडे न लागलेल्या भागाची कॅसेट होती त्यानं केलं. दत्तप्रसादकडे ती कुठून येणार? अस्मिताबाईंकडे कुठून येणार?"

अवधूत हसायचा प्रयत्न करत म्हणाला, "ताई, आमच्या ऑफिसात दहा माणसं ती कॅसेट हाताळतात."

"त्यातला शुक्रवारी या कचेरीत एकटा कोण होता? आणि हे बघ." त्यांनी व्हीसीआरची झडप बोटानं आत ढकलून कॅसेटची कड दाखवली. "घरात कुणी असलं भोक बुजवलं तर चिकटपट्टी लावतं, नाहीतर औषधाची पट्टी. ही लाल कापडी पट्टी आहे. कलाकारानं कुठं उभं राहायचं ते दाखवायला सेटवर जमिनीला मारतात ती. तीस वर्षं या पट्टीवर पाय ठेवून उभी राहिलेय मी, अवधूत. तिचा रंग मला झोपेतसुद्धा ओळखू येईल. तुझ्या खिशात आताही तिचं रीळ असेल, तुझी जुनी सवय आहे."

अवधूतचा हात नकळत खिशाकडे गेला आणि तिथंच थांबला. आता त्याच्या डोळ्यांत पाणीबिणी काही नव्हतं.

"घाईत हाताला लागली ती कॅसेट टाकलीत," शरच्चंद्र कोरडेपणानं म्हणाले. "स्वतःची मालिका निर्माता स्वतः बघत नाही, हे आम्हाला ठाऊक नव्हतं."

"हो, मी केलं," अवधूत म्हणाला. "काय करणार होतो? मोहोळकर ती फिल्म बघणार आणि तुम्हाला घेऊन जाणार, हे आंधळ्यालाही दिसत होतं. वसुंधरादेवी गेली की मालिका बंद, असं चॅनेलनं मला तोंडावर सांगितलंय. शंभर माणसं आहेत माझ्याकडे, ताई. त्यांचं काय?"

"त्या शंभर माणसांची नावं पुढे करू नकोस! मला येऊन विचारलंस? सहा महिने द्या म्हणाला असतास, तर मी दिले असते. वरून आणि माझ्या नवऱ्याच्या माथी मारलंस! 'घरोघरी होतं' म्हणे! बारा वर्षांपूर्वी त्या गुदामात उंदरांत झोपून आपण ही फिल्म केली रे. तू मला म्हणाला होतास, ताई, ही लोकांनी बघितली की तुम्हाला कुणी मोलकरीण करायला सांगणार नाही. आठवतं?"

"आठवतं," अवधूत खालच्या आवाजात म्हणाला. "म्हणूनच तर ती कधी बघवली नाही मला. ती बघितली की आज मी जे करतो ते करवत नाही."

उल्काताईंनी पडद्याकडे नजर टाकली. मालिका अजून चालूच होती.

"झालं ते झालं," अवधूत म्हणाला. "आता फिल्म तर गेलीच आहे. मला पोलिसांत द्या, नाहीतर काहीही करा. पण उद्या शूटिंग आहे, आणि तुमच्याशिवाय..."

"गेली कुठे?" उल्काताई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"दुपारी माझं तोंड दिसलं आणि मी बंद कर म्हणून ओरडले. आम्ही कुणीच एका मिनिटाच्या पुढे बघितलं नाही. तुला वाटलं, पुढे कुणी बघणारच नाही. मला सांग अवधूत, जाहिराती काढल्या की तुझ्या मालिकेचा एक भाग किती मिनिटांचा होतो?"

अवधूतचा चेहरा पांढराफटक पडला.

"बावीस," दत्तप्रसाद एकदम म्हणाला. "काकू! भागाची कॅसेट संपली की तिथंच थांबवलं असेल यांनी! अस्मिताबाई मंडईतून आल्या असतील परत."

"आणि माझी फिल्म दीड तासाची आहे. तू इतकी वर्षं बावीस मिनिटांतच जगतोयस, त्याच्यापुढंही काही असतं हे तू विसरून गेलास. सगळ्यांनी गप्प बसा. बघा आता."

पडद्यावर वसुंधरादेवीनं जिन्यावरून खाली बघत डोळे वटारले, चित्र गोठलं, नावं पळाली. मग पडदाभर मुंग्या नाचल्या. उल्काताईंनी नकळत नवऱ्याचा हात धरला. मुंग्या थरथरल्या, एक आडवी रेघ वरून खाली गेली, आणि अंधारात एक कंदील पेटला. कंदिलामागं एक रापलेली बाई होती. कपाळावर कुंकू नाही, नाकात काही नाही. ती काठी टेकून उभी राहिली आणि समोरच्या कुणालातरी म्हणाली, "म्या हाय तवर दार उघडायचं न्हाई."

दत्तप्रसादनं टाळ्या वाजवायला सुरुवात केली. फुलवाल्यानंही हारांची टोपली खाली ठेवून त्या वाजवल्या. अस्मिताबाईंनी पदरानं चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "दीड तास बसू आम्ही." अवधूत मात्र बसला नाही. तो पडद्याकडे बघत मागे मागे सरकत दारापर्यंत गेला, तिथं थोडा वेळ उभा राहिला, आणि कधी निघून गेला ते कुणाला कळलं नाही.

संध्याकाळी सभागृह गच्च भरलं. शाल-श्रीफळ झालं, मानपत्रात 'अष्टपैलू' हा शब्द आलाच. मग उल्काताई उठल्या आणि म्हणाल्या, "या फिल्मची सुरुवात पुसली गेली आहे. कुणी पुसली ते विचारू नका, सांगायला लाज वाटते. ती सुरुवात मी तुम्हाला सांगते." आणि साध्या सुती साडीत, पट्टी बांधलेला हात न लपवता, त्यांनी ती पहिली बावीस मिनिटं सांगितली. गुदाम, त्याचा मालक, मेलेला नवरा, त्याच्या जागी काठी घेऊन उभी राहिलेली बायको, आणि तिला हसणारं गाव. सगळ्यांची बोलणी त्यांनीच बोलली. कुठं दिवे गेले आणि कुठून कॅसेट सुरू झाली हे लोकांना नीट कळलंही नाही.

फिल्म संपल्यावर आनंद मोहोळकर सरळ रंगपटात आले. "फिल्म चांगली आहे," ते म्हणाले. "पण मला त्याआधीचं हवं होतं, ते तुम्ही उभ्यानं सांगितलंत ते. तारखा कधी देताय?"

रात्री दोघं रिक्षात बसून कर्वेनगरला निघाली. लकडी पूल ओलांडला, डेक्कन गेलं. शरच्चंद्रांना काहीतरी विचारायचं होतं आणि धीर होत नव्हता, हे उल्काताईंना दिसत होतं.

"बोला हो, काय ते."

"नाही, म्हणजे..." शरच्चंद्र म्हणाले. "तू आता ती मालिका सोडणार. मग त्या वसुंधरादेवीचं पुढे काय होणार?"

"मेली ती," उल्काताई म्हणाल्या. "आज दुपारी. नारायण पेठेत."